सावकाश चालणारी बोट

लोकांच्या तोंडी लागू नये म्हणतात. बत्तीशीने अख्खी नोकरी लोकांच्या तोंडापायी घासली, पण तोंडी कधी कुणाच्या लागला नाही. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या हिरड्यांचे साचे यायचे, तो त्यांवरून कवळ्या करायचा आणि कवळ्या डब्यात बसून परत जायच्या. डेंटल लॅबची तळमजल्यावरची मागची खोली, एक लांब टेबल, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, घासायच्या मशीनचा कर्कश आवाज आणि भिंतीकडे तोंड करून बसलेला हा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणीतरी घ्यायचं, एरवी सगळ्यांना तो बत्तीशी. पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं, स्वतःचे दात मात्र सगळे शाबूत.

या धंद्याची एक गंमत आहे. कवळी नीट बसली की कुणी काही कळवत नाही. माणूस जेवायला लागतो, हसायला लागतो आणि ती करणाऱ्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. टोचली, सैल पडली, बोलताना खटखट वाजली, तरच ती डब्यातून परत येते आणि सोबत डॉक्टरांचा निरोप येतो. म्हणजे बत्तीशीला माणसं भेटायची ती तक्रारीतून. एवढं ध्यानात ठेवलं तर त्याचं पुढचं वागणं समजेल. पटेलच असं नाही, पण समजेल.

घरी त्याची थोरली बहीण होती, ताई. दोघंच. ताईला कंपवात झाला तेव्हा तिचं विणकाम सुटलं, भाजी चिरणं सुटलं, कपात चहा अर्धाच ओतायची वेळ आली. बाई बसून बसून चिडचिडी झाली. शेवटी बत्तीशीने तिला कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. नदीतल्या फेरीबोटीचा खेळ. ना मारामारी, ना धावपळ. बोट हाकायची, धक्क्याधक्क्यावर माणसं उतरवायची, चढवायची आणि अंधार पडायच्या आत शेवटचा धक्का गाठायचा. ताईला त्या नदीने वेड लावलं. पण बोट वळवायला दोन बटणं एकदम दाबून धरावी लागत, धक्क्यांच्या पाट्या मुंगीएवढ्या अक्षरांत आणि संध्याकाळ अशी झपाट्याने यायची की ताईची बोट रोज मधल्या धक्क्यावरच अंधारात सापडायची. एक दिवस तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाली, ‘‘बंद कर रे ते. नदीलाही माझी घाई झालीय.’’

बत्तीशीने खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं, की बाबांनो, सेटिंगमध्ये तेवढी सोय द्या, ज्याला हवी तो घेईल. कंपनीने गुळगुळीत उत्तर दिलं, की अडचण हाच आमच्या खेळाचा प्राण आहे. यावर तो ताईला म्हणाला की त्यांच्या खेळाचा प्राण वाचावा म्हणून आपण आपला घालवायचा, असं दिसतंय. खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर त्याने तोच प्रश्न टाकला, तर तिथले कट्टर खेळाडू अंगावर आले. जमत नसेल तर खेळू नका, नाहीतर मॉड टाका आणि गप्प बसा, असा एकूण सूर.

मॉड म्हणजे दुसऱ्याच्या खेळाला आपण घरी बसून लावलेलं ठिगळ. कंपनीने दिलेलं नसतं, कंपनीची हरकतही नसते आणि जबाबदारी तर मुळीच नसते. बत्तीशी हट्टाने ते लावायला शिकला. मशीनवर दिवसभर कणाकणाने घासायची सवय असलेल्या माणसाला असलं काम जमतं. त्याने ताईला शेजारी बसवलं आणि तिच्या हाताच्या थरथरीवरून माप घेतलं. वळायला एकच बटण, पाट्यांची अक्षरं ठळक, दिवस लांब. मॉडला नाव दिलं ‘सावकाश’. त्या दिवशी ताईने शेवटचा धक्का गाठला आणि भोंगा इतका वाजवला की वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला आले. बत्तीशीने मॉड याच टोपणनावाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिलं आणि विसरून गेला.

पुढे ताई गेली. घरात एकच ताट, एकच पेला, दाराला आतून कडी लावायला कुणी आठवण करणारं नाही. कामावरच्यांनी चार दिवस हळू आवाजात विचारपूस केली आणि आपापल्या कामाला लागले, त्यांचंही बरोबरच होतं. नेमकं त्याच सुमारास खेळाचं नवीन अपडेट आलं आणि मॉड मोडलं. बत्तीशीने सहज पाहिलं तर मेसेजचा ढीग. कुणाला डोळ्यांचा त्रास, कुणाचा एक हात लुळा, कुणी नुसतंच म्हातारं. सगळे विचारत होते, दादा, बोट कधी चालू होणार? त्याने रजा टाकून दुरुस्ती केली. मग धन्यवादाचा पाऊस. ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याला भूक लागल्यासारखी भूक लागली.

मग त्याने ती गोष्ट केली. मॉडमध्ये एक छोटी अट घातली: खेळाच्या अपडेटचा क्रमांक ओळखीचा नसेल तर मॉडने मुकाट बंद पडायचं. अशी अट पुष्कळ जण घालतात. नव्या अपडेटमध्ये काही बिघडू नये म्हणून ती सावधगिरी असते. बत्तीशीनेही स्वतःची तशीच समजूत घातली. पण खेळात खरा फरक क्वचितच पडायचा, मॉड तसंच चाललं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अपडेट यायचं, लोकांच्या बोटी थांबायच्या, लोक लिहायचे. हा दोन दिवस ‘बघतो, किचकट आहे’ म्हणत त्यांच्याशी बोलत राहायचा आणि मग एक आकडा बदलून मॉड पुन्हा चालू करायचा. एरवी बोट चालू असताना चिटपाखरूही फिरकायचं नाही. कवळीसारखंच.

लिहिणाऱ्यांत एक बाई होत्या. बोटीचा भोंगा फार वाजवते असं त्या स्वतःच सांगायच्या, म्हणून पानावर सगळे त्यांना भोंगेबाई म्हणत, त्याही तीच सही करत. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. खेळायच्या त्या, पण खेळ नवऱ्यासाठी. नवरा अंथरुणाला खिळलेला, स्मरण विरत चाललेलं. रोज संध्याकाळी भोंगेबाई त्याच्या खाटेजवळ कॉम्प्युटर ओढून बोट सोडायच्या आणि तो धक्का दिसला की धक्क्याचं नाव मोठ्याने घ्यायचा. मुलांची नावं गेली होती, धक्क्यांची राहिली होती. हे त्यांनी एका अपडेटच्या वेळी लिहिलं, दुसऱ्या वेळी लिहिलं की यांना चालक मीच आहे असं वाटतं, तिकीट विचारतात. बत्तीशी असले मेसेज दोनदा वाचायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. फक्त बोट बंद पडली की बोलायचे, आणि भोंगेबाई दर वेळी सुरुवातीलाच लिहायच्या, की पुन्हा त्रास देतेय हो.

एवढ्यात कंपनीतून एका मुलीचा मेसेज आला. सेटिंगचं काम आता तिच्याकडे होतं. मॉडमधल्या सोयी आम्ही खेळातच घालायचं ठरवतोय, असं ती म्हणत होती. म्हणजे कुणाला ठिगळाच्या भरवशावर राहावं लागणार नाही. तुम्ही मदत कराल का? इतकी वर्षं त्याने हेच मागितलं होतं. खुशीने उडी मारायची, तर हा भलताच हिशोब करत बसला. सोय खेळातच आली की मॉडला कोण विचारणार, आणि मॉडला विचारलं नाही तर बत्तीशीला कोण विचारणार? त्याने उत्तर दिलं नाही. उद्या देऊ, परवा देऊ करत मेसेज खाली सरकू दिला.

मग त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. डबा-पिशवी घेऊन स्वतःच रिक्षाने दवाखान्यात गेला. जवळचं माणूस कोण, असं तिथे विचारलं तेव्हा त्याने लॅबच्या मालकाचा नंबर दिला. जखम चिघळली, मुक्काम वाढला. तो खाटेवर पडला असतानाच नवीन अपडेट आलं आणि ‘सावकाश’ त्याच्याच अटीप्रमाणे मुकाट बंद पडलं. फोनवर मेसेज येऊ लागले. अमुक फाइल उघडा, तमुक आकडा बदला, एवढं त्याने खाटेवरून कळवलं असतं तरी सगळ्यांच्या बोटी सुटल्या असत्या. नाही कळवलं. दवाखान्यात आहे, परतलो की बघतो, असं लिहिलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला त्याची सून यायची, जावई यायचा, नातवंडं यायची. याच्या उशाशी फोन वाजायचा. लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करत होते, लवकर बरे व्हा म्हणत होते. खरं सांगायचं तर तो त्या दिवसांत सुखात होता.

भोंगेबाईंनीही लिहिलं होतं, की काळजी घ्या, आमचं काय, बोट थांबेल थोडी. मग लिहिलं, की हे रोज विचारतात, बोट कधी सुटणार, मी सांगते की कारागीर आजारी आहे, त्याला बरं वाटू दे. मग काही दिवस काहीच नाही. घरी सोडायच्या दिवशी, बिलाच्या रांगेत उभा असताना, त्याने त्यांचा नवा मेसेज उघडला. त्यात एवढंच होतं: ‘‘आता विचारत नाहीत.’’

घरी येऊन त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. पोटावर हात धरून खुर्चीत बसला आणि ती अट मॉडमधून कायमची काढून टाकली. भोंगेबाईंच्या घरी बोट सुटली. त्यांनी कळवलं, की हे बघत राहतात, पण धक्क्याचं नाव घेत नाहीत, एकदोनदा मीच घेऊन पाहिलं.

बत्तीशीने कंपनीतल्या त्या मुलीला उत्तर लिहिलं, उशिराबद्दल माफी मागून. आणि मग हातचं काही राखलं नाही. तिला वाटत होतं की ‘सोपं’ नावाचं एक बटण दिलं की झालं. त्याने तिला समजावलं, की एका मापाची कवळी सगळ्यांच्या तोंडात बसत नाही. वेग वेगळा द्या, अक्षर वेगळं द्या, बटणं ज्याची त्याला ठरवू द्या, संध्याकाळ किती लांब ते ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोडा. माझ्या मॉडचीही हीच चूक होती, त्याने लिहिलं, त्यातला सगळा वेग एकाच माणसाच्या हाताचा होता. कुणाच्या हाताचा, ते मुलीने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पण ती ओळ लिहिल्यावर त्याने ती पुन्हा वाचली. इतकी वर्षं अनोळखी घरांतल्या बोटी ताईच्या चालीने चालत होत्या, आणि त्या थांबवायला आता तोच मदत करत होता.

काही महिन्यांनी खेळ नव्या सेटिंगसकट आला. कट्टर खेळाडूंनी आठवडाभर बोंब मारली आणि मग हळूच स्वतःही अक्षरं मोठी करून घेतली. चर्चेच्या पानावर लोक एकमेकांना आपापली मापं सांगत होते, कुणी किती वेग ठेवला, कुणी संध्याकाळ किती ताणली. ‘सावकाश’च्या पानावर मात्र शुकशुकाट. बत्तीशी कामावरून येऊन ते पान उघडायचा, बंद करायचा. बरं झालं, असं स्वतःशी म्हणायचा. बरं झालंच होतं. पण घर खायला उठायचं ते उठायचंच.

एका संध्याकाळी भोंगेबाईंचा मेसेज आला. लिहिलं होतं, ‘‘बत्तीशीसाहेब, आता सगळं खेळातच आलंय. मी यांना झेपेल इतकी सावकाश संध्याकाळ लावली. इतकी वर्षं तुम्हाला फार त्रास दिला. आता द्यायला नको.’’

त्याच्याने ती माफी घेववेना. शिव्या दिल्या असत्या तर त्याने मुकाट्याने ऐकल्या असत्या. जेवण तसंच ठेवून तो लिहायला बसला. साधी ओळ जमायला त्याला फार वेळ लागला. ‘‘बाई, त्रास तुमचा नव्हता. अपडेट आलं की मॉड बंद पडायचं, ते आपोआप नाही. मीच तसं करून ठेवलं होतं. तुम्ही सगळ्यांनी लिहावं म्हणून.’’ मेसेज गेला, पलीकडे वाचला गेल्याची खूण दिसली. त्याने ताट झाकलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने एका साध्या कवळीचा दात कधी नव्हे तो तिरका बसवला आणि मालकाने वर पाहिलं. घरी आला तेव्हा उत्तर आलेलं होतं.

‘‘तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा नुसतं सांगितलं असतं, तरी आमची बोट सुटली असती?’’

कारणं त्याच्यापाशी पुष्कळ होती. ताई होती, रिकामं घर होतं, शेजारच्या खाटेवरची नातवंडं होती. त्याने दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या, पुन्हा लिहिल्या आणि पुन्हा पुसल्या. मग ‘हो’ एवढंच लिहून पाठवलं. तेही वाचलं गेलं. भोंगेबाईंचा त्यानंतर मेसेज आला नाही. बोट बंद पडत नव्हती, तेव्हा यायला काही कारणही नव्हतं.