न वाजलेला आवाज

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे, खोलीच्या आत एक खोली होती. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड फोम, दार फ्रीजच्या दारासारखं घट्ट बसणारं, आणि मध्ये वीतभर काचेची खिडकी. तिथे लोकांचे कान तपासले जायचे. तपासणाऱ्या बाईंना स्वतःचं नाव होतं, पण एकोणीस वर्षांत ते हजेरीपटापुरतंच उरलं होतं. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना ‘कानाच्या बाई’ म्हणायचे.

पेशंट आतल्या खोलीत बसायचा, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. बाई काचेच्या अलीकडून कॉम्प्युटरवर बारीक आवाज सोडायच्या. एकच सूर, सेकंदभराचा. ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. नाही आला की बाई आवाज एक पायरी वाढवायच्या. शेवटी कागदावर आलेख निघायचा.

“बाई, तुमचं बरंय,” एक्स-रेवाला म्हणायचा. “माणूस भांडायला आला तरी त्याला तुमचं उत्तर ऐकू जात नाही.”

बाई हसायच्या. दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोललंच तर ते एवढंच. पेशंटशी बोलणं म्हणजे ओरडणं. ‘बसा.’ ‘आवाज आला की दाबा.’ ‘रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.’ नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी दोन खोल्या आणि रविवारी येणारा मोठ्या बहिणीचा फोन. ओरडून ओरडून घसा बसलेला असायचा आणि घरी तो वापरायला माणूस नसायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात जुना कॉम्प्युटर बदलला. हेडफोन ज्या डबीतून कॉम्प्युटरला जोडलेले असायचे, त्या जुन्या डबीला नव्या कॉम्प्युटरनं ओळखच दिली नाही, म्हणून तीही बदलली. नवी डबी काळी, हाताच्या पंजाएवढी, पुढे एक हिरवा दिवा. इस्पितळाच्या कॉम्प्युटरवाल्यानं अर्ध्या तासात सगळं जोडलं आणि तो निघून गेला.

चार महिने काम सुरळीत चाललं. मग एका रविवारी फोनवर बहीण वैतागली. “अगं, तिसऱ्यांदा विचारतेय! ऐकतेयस ना?”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी दार लावलं, जादाचा हेडफोन काढला आणि स्वतःचेच कान तपासले. घाई नको म्हणून ऐकू आलेल्या दर आवाजानंतर त्या निवांत थांबल्या, आकडा लिहिला, चहाचा घोट घेतला, मग पुढचा आवाज सोडला. आलेख निघाला. रेघ चांगलीच खाली गेली होती, म्हणजे ऐकणं कमी झालं होतं.

आठ दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला, हाही प्रश्नच होता. कानाच्या बाईचेच कान गेले, म्हणजे सगळ्यांना हसायला विषय. त्या नळाखाली पातेलं ठेवायच्या आणि पलीकडच्या खोलीत जाऊन थेंब मोजत बसायच्या. थेंब ऐकू यायचे. पण जे ऐकू येत नाही ते आपल्याला कळणार कसं, असं वाटून पुन्हा धास्ती वाटायची.

नवव्या दिवशी त्यांनी पुन्हा तपासणी केली. या वेळी सहज नजर डबीकडे गेली. हिरवा दिवा विझलेला होता. बाईंनी आवाज सोडला तसा दिवा लागला, पण कानात काहीच आलं नाही. तेवढाच आवाज लगेच पुन्हा सोडला, आणि तो लख्ख वाजला.

त्यांनी घड्याळ समोर ठेवून वीस वेळा करून पाहिलं. दहा सेकंद थांबलं की दिवा विझायचा आणि त्यानंतरचा पहिला आवाज हवेत विरायचा.

कान शाबूत होते. बाई एकट्याच हसल्या. मग हसू जागच्या जागी थिजलं. भराभर बटण दाबणाऱ्यांचे रिपोर्ट ठीक होते. पण थकलेले, म्हातारे, गोंधळणारे जे होते, त्यांना बाई मुद्दाम वेळ द्यायच्या. ज्यांना जास्त वेळ दिला होता, नेमके तेच कागदावर जास्त बहिरे ठरले होते.

कॉम्प्युटरवाला आला. “वीजबचत आहे हो, बाई. काम नसलं की कॉम्प्युटर जोडलेली डबी झोपवून ठेवतो. जागी व्हायला हिला सेकंदभर लागतो. गाणी ऐकणाऱ्याला कळतही नाही.”

“माझा आवाजच सेकंदभराचा असतो.”

त्यानं सेटिंगचं पान उघडून पाहिलं. मग म्हणाला, “सगळ्या इस्पितळाला एकच सेटिंग आहे. मला परवानगीशिवाय हात लावता येत नाही.”

“मग परवानगी येईपर्यंत मी एकही कान तपासणार नाही,” बाई म्हणाल्या. आवाज इतका चढला होता की एक्स-रेवाला दारात येऊन उभा राहिला. दुपारी परवानगी आली. सेटिंगमधली एक खूण काढली, डबी झोपायची थांबली. दोन मिनिटांचं काम.

मोठे डॉक्टर मात्र कुरकुरले. “जुन्या पेशंटना परत बोलवायचं म्हणजे गवगवा होईल.”

“झाला तरी निम्म्यांना ऐकू जायचा नाही,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांना हसू आवरेना. “करा. पण रोजचं काम सांभाळून.”

फोन करून उपयोग नव्हता. पेशंटना ऐकू यायचं नाही आणि घरचे ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून द्यायचे. बाईंनी वेळ घेऊन तपासलेले एकतीस जण वेगळे काढले आणि ठळक अक्षरात एकतीस पत्रं लिहिली.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे शिंपी आले. बाईंनी त्यांना आत बसवलं. या वेळी ते दर आवाजाला बटण दाबत गेले. काचेतून बाईंना त्यांचा अंगठा दिसत होता, सुई धरून धरून वाकडा झालेला.

“काका, तुमचे कान उतरले नव्हते,” बाई त्यांच्यासमोर बसून म्हणाल्या. “आमचं यंत्र मध्येच झोपत होतं. चूक आमची आहे.”

शिंपीकाकांनी नवा कागद हातात घेतला. “तुमच्या त्या रिपोर्टवरून कानातल्या मशिनचा आवाज वाढवला. दुकानात शिलाई मशीन सुरू झालं की डोक्यात घण पडायचे. दुकान सोडलं. मग कानातलं काढूनच ठेवलं. घरात कुणी बोलेनासं झालं.”

“आता डॉक्टर आवाज कमी करून देतील.”

“देतील. पण घराला सवय लागली हो. मलाही लागली.” त्यांनी कागदावरून नजर उचलली. “मी त्या दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. आवाज येतच नाही, आणि मग एकदम येतो, असं म्हणालो होतो.”

बाईंना आठवलं. तेव्हा त्या ओरडून म्हणाल्या होत्या, ‘काका, वयानं होतं असं.’

“म्हणाला होतात,” त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली, कागदाची नीट घडी केली आणि ते डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

एकतीसपैकी चोवीस आले, त्यांतल्या सोळांचे आलेख बदलले. सहा जणांनी ‘आता कशाला’ म्हणून कळवलं. एका एकट्या राहणाऱ्या बाईचं पत्र तेवढं परत आलं. शनिवारी सुट्टीच्या दिवशी कानाच्या बाई तो पत्ता शोधत गेल्या. दुसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली.

“त्या वृद्धाश्रमात गेल्या. एकटीला राहणं धोक्याचं, बेलसुद्धा ऐकू येत नाही, असं भाच्यानं ठरवलं. डॉक्टरांचा कागद होता त्याच्याकडे.”

“कुठल्या वृद्धाश्रमात?”

“ते नाही माहीत. आमचं बोलणं फारसं नव्हतंच. त्यांना कुठे ऐकू यायचं?”

बाईंनी भाच्याचं नाव विचारलं, तेही शेजारणीला सांगता आलं नाही. पुढचे तीन शनिवार त्यांनी आसपासच्या वृद्धाश्रमांत चौकशी केली. तिथल्या व्हरांड्यांत म्हाताऱ्या बायका ओळीनं बसलेल्या असायच्या. नाव विचारलं की काही जणी हसायच्या, काही दुसरीकडे बघायच्या. चौथ्या शनिवारी एका व्हरांड्यात एकीनं बाईंचा हात धरून त्यांना बाकावर बसवून घेतलं. कानाच्या बाई जिला शोधत होत्या ती ही नव्हती, तरी ती तास-दीड तास बोलत राहिली. कानाच्या बाईंनी ऐकताना एकदाही घड्याळ पाहिलं नाही.