दहापैकी आठ

पेरुसी खाइन्झा नोकरीवर रुजू झाली त्या दिवशी इस्पितळाच्या कारकुनानं हजेरीपुस्तक उघडलं, पेन टेकवलं आणि विचारलं, "काम काय लिहू?"

"वाचा-उपचार. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं."

"म्हणजे शिक्षिका?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

कारकुनानं जरा विचार केला आणि 'कान-नाक-घसा, इतर' असं लिहून टाकलं. पुढची नऊ वर्षं ती कागदोपत्री 'इतर'च राहिली.

कंपालाला हा अभ्यासक्रम नव्यानं सुरू झाला तेव्हा तिच्या तुकडीत सात जण होते. पास झाल्यावर चौघं नैरोबीला गेले, दोघांना परदेशी संस्थांनी उचललं. पेरुसी तेवढी एल्गॉन डोंगराच्या पायथ्याशी आपल्या गावाकडच्या इस्पितळात परत आली. बाप चर्चमध्ये धडे शिकवायचा. तो म्हणाला, "तीन वर्षं शिकलीस ती बोलायला शिकवायला? आपल्याकडे गप्प बसायला शिकवणारं कोणी मिळालं असतं तर बरं झालं असतं." तो हसला, म्हणून तीही हसली.

तिला मिळालेली खोली आधी प्लास्टरच्या गोण्या ठेवायची होती. बाकाची पांढरी धूळ तिच्या स्कर्टला लागली की कधी निघाली नाही. कॉलेजनं दिलेल्या चित्रांच्या पत्त्यांत बर्फाचा माणूस होता, पत्रं टाकायची लाल पेटी होती, चहाची किटली होती. अर्धांगवायूनं वाचा गेलेला म्हातारा त्या बर्फाच्या माणसाकडे बघत बसायचा, आणि तो आजारामुळे गप्प आहे की आयुष्यात हे कधी पाहिलंच नाही म्हणून, हे तिला कळायचं नाही. शेवटी ते पत्ते बाजूला ठेवून तिनं स्वतः चित्रं काढली: कुदळ, पाण्याचा पिवळा कॅन, कोळशाची शेगडी, केळीचा घड, कॉफीचं झाड. चित्रकला बेताचीच होती तिची. बकरी कुत्र्यासारखी दिसायची.

येणाऱ्या आया मुलांच्या जिभेखालचा पडदा आधीच कुणाकडून तरी कापून आणायच्या आणि वर विचारायच्या, "मुसावो, गोळी नाही का?" मुसावो म्हणजे डॉक्टर, नर्स, औषध देणारं कुणीही. गोळी नाही म्हटल्यावर अर्ध्याअधिक जणी पुन्हा यायच्या नाहीत. ज्या यायच्या त्यांच्यातल्या काहींची मुलं 'आई' म्हणायला लागली, एक तोतरा शिक्षक पुन्हा वर्गावर उभा राहिला. अगदीच हात रिकामे होते असं नाही.

तिसऱ्या वर्षी तोफिस्ता नाफुना आली. लेकीच्या खांद्यावर भार टाकून, उजवा पाय ओढत.

तोफिस्ता बाजारात वीस वर्षं मलेवा विकत होती. धुरात वाळवलेले बांबूचे कोंब, भारे बांधून. तिच्या तोंडी लागायला भलेभले कचरत. नवरा गेल्यावर डोंगरउतारावरची त्याची कॉफीची बाग तिनं एकटीनं सांभाळली. एका सकाळी चुलीपुढे ती कोसळली आणि उठली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता.

"मावशी, नाव काय तुमचं?" पेरुसीनं विचारलं.

"उद्या," तोफिस्ता म्हणाली.

"कुठून आलात?"

"उद्या. उद्या, उद्या." आपल्याच तोंडून काय निघालं ते तिला ऐकू येत होतं. तिनं डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर फटका मारला.

लेक नाबिफो शिवणकाम करायची. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माझी आई बाजारात शिवी हासडायची तर दोन गल्ल्या ऐकायच्या, मुसावो."

पेरुसीनं सोपे प्रश्न सुरू केले. तुम्ही तोफिस्ता का? मान हो म्हणाली. आपण आत्ता बाजारात आहोत का? मान हो म्हणाली, आणि लगेच तोफिस्ताचे डोळे संतापानं भरले.

"हे बघ," पेरुसीनं नाबिफोला सांगितलं, "आईला समजतंय सगळं. पण आतून 'नाही' निघतं आणि वाटेत त्याचं 'हो' होतं. तिच्या मानेवर सध्या भरवसा ठेवायचा नाही."

आठ महिने दोघी दर मंगळवारी आल्या. शब्द काही परत आला नाही, पण बोट चित्रांवर जायला लागलं. पाणी हवं तर कॅनवर, दुखलं तर डोक्याच्या चित्रावर. पेरुसी प्रत्येक खेपेला दहा प्रश्न विचारायची आणि वहीत मांडायची. पहिल्या महिन्यात दहापैकी पाच. मग सहा. डिसेंबरात आठ. त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःसाठी तळलेला मासा विकत घेतला.

जानेवारीत नाबिफो एकटीच आली. तिचा काका योकाना, म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, माणसं घेऊन बागेत शिरला होता आणि फळं तोडत होता. विचारल्यावर त्यानं कागद दाखवला. तोफिस्ता अंथरुणाला खिळलेली असताना तो दोन साक्षीदार घेऊन आला होता. "वहिनी, बाग माझ्या नावावर करू ना?" त्यानं विचारलं होतं. वहिनीनं मान हलवली होती. अंगठा उमटवून घेतला होता.

"शनिवारी कुळाची बैठक आहे," नाबिफो म्हणाली. "तुम्ही या. मानेचं मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

पेरुसी गेली. कुळाचे वडीलधारे वामबेदे यांच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली होती. वामबेदे निवृत्त हेडमास्तर, शांत, कुणाला मध्येच न तोडणारे. त्यांनी पेरुसीला खुर्ची दिली आणि पुरतं बोलू दिलं. या आजारात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होते, म्हणून त्या दिवशीची मान ग्राह्य धरू नये, असं तिनं उदाहरणं देऊन सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नाबिफोच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

मग पेरुसीनं चित्रं मांडली, शेजारी नाबिफोनं आणलेला योकानाचा फोटो ठेवला आणि बाग कुणाची ते विचारलं. तोफिस्तानं कॉफीचं झाड उचललं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. योकानाचा फोटो उचलला आणि पालथा टाकला. बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "हीच ती तोफिस्ता."

योकाना उठला. आवाज चढवला नाही. "मुसावो, मी शिकलेला नाही. तुम्हीच म्हणालात, हिची मान चुकते. मग हात चुकत नाही कशावरून?"

"हात मानेपेक्षा बरा चालतो."

"बरा म्हणजे किती?" वामबेद्यांनी विचारलं. हेडमास्तरांचाच प्रश्न होता तो. "तुम्ही नोंद ठेवत असाल."

वही पिशवीतच होती. नाबिफो तिच्याकडे बघत होती.

"दहापैकी आठ वेळा बरोबर," पेरुसी म्हणाली.

"आणि दोन वेळा?"

"दोन वेळा चुकतं. पण त्यांना समजत नाही असा त्याचा अर्थ नाही, बाबा. समजणं शाबूत आहे, बाहेर येताना..."

"मुली, आत्ताची वेळ त्या दोनांतली नाही, हे तू देवाला स्मरून सांगशील?"

तिनं तोफिस्ताकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुन्हा विचारून बघा. वेगळ्या तऱ्हेनं, दोन-तीनदा."

पण विचारायला योकाना पुढे सरसावला. तो तोफिस्ताच्या अगदी तोंडाजवळ वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "वहिनी, बाग माझी ना?"

चाळीस माणसं बघत होती. ऊन चढलं होतं, तोफिस्ता तीन तास बाकावर बसून थकली होती. "उद्या," ती म्हणाली, आणि तिची मान हलली. हो म्हणून हलली. दुसऱ्याच क्षणी तिनं तोंडावर फटका मारला, पण तोवर लोक हसले होते. दुष्टपणानं नव्हे, हसू आलं म्हणून हसले.

वामबेद्यांनी निकाल दिला तो त्यांच्या हिशेबानं न्यायाचाच होता. बाईला कळत नव्हतं, तेव्हा योकानाचा कागद रद्द. पण ज्या बाईला कळत नाही तिची बाग कुणीतरी सांभाळायला हवी, आणि तिलाही. लेक उद्या लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाणार. सबब दोन्हींचा सांभाळ योकाना करील.

सकाळी तोफिस्ता बाग देऊन टाकलेली बाई होती. दुपारी ती वेडी ठरली, आणि ते पेरुसीच्या साक्षीवरून ठरलं.

उतारावरून खाली येताना नाबिफो पुढे चालत होती. पुलाजवळ थांबली. "दहापैकी दहा म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"ते खोटं झालं असतं, नाबिफो."

"त्या अंगणात चाळीस माणसं होती. खरं बोलायची हौस तेवढी तुम्हालाच कशी आली?"

पेरुसीनं नंतर धडपड केली. तोफिस्ताची समज शाबूत आहे असा चार पानी अहवाल लिहिला आणि तालुक्याच्या कचेरीत नेला. तिथला साहेब सज्जन होता. त्यानं चारी पानं वाचली आणि खाली डॉक्टरची सही हवी म्हणाला. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी, हा आपला विषय नाही, असं सांगून अहवाल परत केला. "विषय तुझा आहे," ते म्हणाले. "पण तुझ्या सहीला किंमत नाही, त्याला मी काय करू?" दोन महिने ती या दारातून त्या दारात गेली. मग पाऊसकाळ लागला, डोंगराचा रस्ता बंद झाला, आणि तिनं ते कागद कपाटात टाकले.

तोफिस्ता मंगळवारी यायची बंद झाली. जुलैत पेरुसी स्वतःच योकानाच्या घरी गेली. मागच्या पडवीत तोफिस्ता जमिनीवर बसली होती आणि डाव्या हातानं कॉफीच्या बिया निवडत होती. फुटक्या एकीकडे, चांगल्या एकीकडे. आपल्याच बागेतल्या. अंगावर धड कपडे होते, जेवलेलीही दिसत होती. उपाशी ठेवलं नव्हतं, हे पेरुसीनं मनाशी नोंदवलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, कशा आहात?" ती शेजारी बसली आणि पिशवीतून चित्रं काढायला लागली.

तोफिस्तानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. पेरुसीचा हात पिशवीतच थांबला, कारण असं ओठांनी शोधणं तिनं आठ महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं.

"जा," तोफिस्ता म्हणाली.

शब्द स्वच्छ होता. सुरुवातीचा आवाज नेमका, सूर उतरता, हुकमाचा, बाजारात गिऱ्हाईक हाकलावं तसा. पेरुसीच्या डोक्यात हे सगळं आपोआप नोंदलं गेलं, आणि मग अर्थ पोचला. ती उठली. तोफिस्ता पुन्हा बियांकडे वळली होती.

दोन वर्षांनी दुसरा झटका आला आणि तोफिस्ता गेली. पुरायच्या दिवशी पेरुसी गेली होती. मांडव मोठा घातला होता, मातोके म्हणजे शिजवलेली हिरवी केळी होती, शेंगदाण्याच्या रश्श्यातला मलेवा होता. योकाना बराच वेळ बोलला. "इतकं सोसलं माझ्या वहिनीनं," तो म्हणाला, "पण माझ्या घरी आल्यापासून एका शब्दानं तक्रार केली नाही." लोकांनी माना खाली घातल्या. आणखी कुणाला बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं. पेरुसीचे हात मांडीवर होते, ते तिथंच राहिले. थोड्या वेळानं नाबिफो ताटं वाढत आली, एक तिच्यापुढे ठेवलं आणि न बघता पुढच्या बाईकडे गेली.

पेरुसी अजून त्याच खोलीत बसते. माणसं येतात, काही बोलायला लागतात. पण वहीत आता ती आकडे मांडत नाही. 'सुधारणा बरी आहे', 'बेताची आहे' एवढंच लिहिते. गेल्या वर्षी कंपालाहून तपासणीला एक तरुण मुलगी आली होती, हुशार होती. तिनं सगळ्या वह्या चाळल्या आणि विचारलं, "ताई, मोजमाप कुठं आहे?"

"राहून जातं," पेरुसी म्हणाली.

या केंद्रावर नोंदी निष्काळजीपणे ठेवल्या जातात, असा शेरा त्या मुलीनं अहवालात मारला. तो खरा होता, म्हणून पेरुसीनं खाली सही केली.