आमच्या घरात 'उडी' म्हणत नाहीत

मी विमानातून उडी मारते हे कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "भीती नाही वाटत?" आणि दुसरा, "मिस्टर काही बोलत नाहीत?" मिस्टरांचे ट्रेलर न्हावा शेव्याला बंदरावर चालतात. ते दिवसभर ड्रायव्हरांशी बोलतात आणि घरी आले की कुणाशीच बोलत नाहीत. भीतीचं म्हणाल तर वाटते की! विमानाच्या दारात उभी राहिले की दर वेळी पोटात गोळा येतो. पण त्याहून मोठा गोळा येतो तो आमच्या फाट्यावर रस्ता ओलांडताना. तिथे कंटेनरवाला एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात चहा धरून वळण घेतो. स्टिअरिंग बहुधा देव धरत असावा.

माझं वय चव्वेचाळीस, वजन सांगत नाही, उड्या दोनशेच्या वर झाल्या. नोकरी कंटेनरच्या कागदपत्रांची. या दोन्ही कामांमुळे मला प्रत्येक गोष्टीवर मत द्यायची वाईट खोड लागली आहे. आमच्यात विमानात चढायच्या आधी पाठीवरचं सामान तीन वेगवेगळी माणसं तपासतात, आणि पहिल्याने बघितलं म्हणून तिसरा आळस करत नाही. आमच्या गावच्या साकवाची तपासणी मात्र फीत कापायला आलेल्या पाहुण्याने केली, तीच शेवटची. माझं तर मत आहे की ज्या साहेबाने पूल पास केला, त्याला पहिले चार पावसाळे त्याच पुलावरून रोज दोनदा चालवावं. आणि ते हेल्मेट! मी तेरा हजार फुटांवर घालते ते डोक्यात. आमच्या गल्लीतली पोरं आणि बाप्ये ते कोपरात घालतात. सगळ्यांचा मेंदू तिथेच असेल तर माझं काही म्हणणं नाही.

हे सगळं मी कुणाहीसमोर ऐकवते. एक आई सोडून. तिच्यापासून मी हा खेळच आठ वर्षं लपवला.

कारण सांगते. माझं माहेर तळा तालुक्यात आत, भातशेतीचं गाव. आईची थोरली बहीण लग्नानंतर तीन वर्षांनी सासरच्या विहिरीत गेली. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. निरोप्या दारात आला आणि एवढंच म्हणाला, "ताईनं उडी मारली." तेव्हापासून आईच्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. आम्ही भावंडं फणसावरून 'खाली यायचो', ओढा 'ओलांडायचो' आणि दोरीवरच्या उड्यांना आमच्याकडे नुसतं 'दोरी खेळणं' म्हणत. शाळेत बाईंनी लांब उडीत नाव घातलं, तेव्हा मी घरी सांगितलं, धावण्यात घातलंय. आपल्या घरचं बोलणं वेगळं आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता अशा आईला काय सांगणार? छत्तिसाव्या वर्षी आम्ही दोघं परदेशी फिरायला गेलो, तिथे हौस म्हणून एका शिकवणाऱ्याच्या पोटाला बांधून मला विमानातून खाली सोडलं आणि मी वेडी झाले. पुढे रीतसर शिकले. दर हिवाळ्यात उत्तरेकडे एका धावपट्टीवर जायची आणि आईला सांगायची, "ऑफिसचं ट्रेनिंग आहे." एकदा ती म्हणाली, "तुझा सायेब बरा हाय गो, इतकी वर्सं झाली तरी तुला शिकवतोच हाय." मी मान डोलावली.

मग मिस्टरांनी पराक्रम केला. मी मोसमातली शेवटची उडी मारून रात्रीच्या विमानाने मुंबईत उतरले, ते मला घ्यायला आले आणि पहाटे आम्ही घरी पोहोचलो. मी मोबाइल बंद करून झोपले. ते बंदरावर गेले आणि रांगेत उभ्या उभ्या त्यांना बायकोचं कौतुक उचंबळून आलं. एरवी हा माणूस भाजीला बरी म्हणत नाही. त्यांनी आपल्या ट्रेलरवाल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचा म्हणून मेसेज लिहिला आणि टाकला माझ्या माहेरच्या ग्रुपवर. मेसेज होता: "काल हिने उडी मारली. पहाटे घरी आणली."

खाली फोटो जायचा होता, तो गेलाच नाही, कारण बॅटरी संपली.

साडेअकराला बेल वाजली. मी गाऊनवर, केस विस्कटलेले, हातात बशी आणि बशीत तांदळाच्या भाकरीवर जवळा. दार उघडलं तर समोर आई, दोन काकवा, चुलत वहिनी आणि मागे गाडीवाला. धाकटी काकू जिन्यापासूनच सूर लावत आली होती, तिला मी दिसले तरी तो सूर एकदम थांबवता येईना. ती माझ्याकडे बघत आणखी थोडा वेळ रडली. वहिनीच्या हातात पिशवी होती. सवाष्ण बाई गेली की माहेराहून हिरवी साडी आणतात, ती त्या पिशवीत होती. दुकान उघडवून घेतली होती म्हणे. ती साडी मी ठेवून घेतली. पोत चांगला आहे, मी सणावाराला नेसते आणि वहिनी दर वेळी तोंड फिरवते.

आई रडली नाही. तिने आधी माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला, मग एक सणसणीत ठेवून दिली आणि मग दारातच खाली बसली. मी पाणी आणलं. ते तिने हातात धरून ठेवलं.

"तू उडी मारलीस म्हनं," ती म्हणाली.

उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. मी बशी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. विमान, धावपट्टी, आठ वर्षांचं खोटं ट्रेनिंग, सगळं. काकवा मध्ये मध्ये "अगो बाय माझे" करत होत्या. आईने एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "तीन तास गाडीत बसून आले. तीन तास मला तिचाच चेहरा दिसत व्हता. मधेच तुझा दिसं, मधेच तिचा."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी मनाशी ठरवलं, ही आता नको म्हणाली तर सोडायचं. खेळ मला जिवाहून प्यारा नाही आणि माझ्या हौसेपायी आईने ती विहीर पुन्हा बघायची नाही. मी तसं तिला म्हणाले पण. ती म्हणाली, "न बघता कसं सांगू? एकदा मला दाव. मग सांगीन मी व्हय का न्हाय."

आली का पंचाईत! आईला गुडघ्यांमुळे उत्तरेला नेणं शक्य नव्हतं. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर पर्यटन महोत्सव व्हायचा होता आणि मिस्टरांची आयोजकांशी ओळख होती. पाप फेडायची त्यांनाही घाई होती. ठरलं, की खेळातले माझे तीन सोबती आणि मी अशा चौघांनी विमानातून येऊन वाळूवर उतरायचं. मग परवानग्या सुरू झाल्या. आमचं विमान, आमचा खेळ, त्यांची जागा, आणि माझ्या दर सोमवारी अलिबागच्या कचेऱ्यांत फेऱ्या. वाळू एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, वरची हवा दिल्लीची. मी भाबडेपणाने विचारलं, वाळूपासून किती फुटांवर दिल्ली सुरू होते? कुणाला सांगता येईना.

एका कचेरीतल्या भाऊसाहेबांच्या छापील यादीत आमचा खेळच नव्हता. कुस्ती होती, बैलगाड्या होत्या, मौत का कुआं होता. त्यांनी बराच विचार करून आम्हाला 'आकाशपाळणा' या सदरात घातलं. अर्जात प्रश्न होता, पाळण्याला आसनं किती? मी लिहिलं, चार. दुसरा प्रश्न, पाया काँक्रीटचा आहे काय? मी लिहिलं, पाया नाही. भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, असं लिहिलंत तर वरून परत येईल." मी म्हटलं, "आम्हीसुद्धा वरूनच येणार आहोत." भला माणूस, हसला आणि शिक्का मारला. सरकारी माणसाला लोक उगाच नावं ठेवतात. त्याला रकान्याबाहेरचं काही दिसलं की तो दचकतो इतकंच, आणि दचकलेल्या माणसाशी गोड बोलावं हे मला खेळानेच शिकवलंय.

खरी अडचण तारखेची होती. पाहुण्यांना सवड म्हणून समितीने बुधवार ठरवला, दुपारी बारा. मी पंचांग बघितलं तर पौर्णिमा. आमच्या किनाऱ्यावरची कोळ्याची चिमुरडीही सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास पाणी थेट सुरूच्या झाडांना टेकलेलं असणार, आम्ही उतरणार कुठे? मी बैठकीत हे सांगितलं, तर समितीतले एक गृहस्थ अगदी मनापासून म्हणाले, "भरती तासभर पुढे घेता येत नाही का?" धन्य. शेवटी चार दिवसांनंतरचा रविवार मिळाला. चतुर्थी, सकाळी नऊला पूर्ण ओहोटी, मैलभर घट्ट वाळू, आणि त्या वेळी जमिनीवरचा मतलई वारा पडलेला असतो आणि समुद्रावरचा खारा वारा अजून सुटायचा असतो. यापेक्षा चांगली वेळ आमच्यासाठी तिन्ही जगात नाही. पाहुणे आले नाहीत, त्यामुळे भाषणंही टळली.

आईला आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. संकष्टीचा तिचा उपास. सकाळी मिस्टर तिला वाळूवर खुर्ची टाकून घेऊन बसले.

वरून आमचा रायगड कसा दिसतो ते सांगायला हवं. मिठागरं दिसतात, चौकोन चौकोन पांढरी, सासऱ्यांनी ज्यांत जन्म घालवला ती. पलीकडे बंदरावरचे कंटेनर, ज्यांचे कागद मी रोज रंगवते, ते काडेपेट्यांएवढे. मी नेहमी दारात उभी राहून हे बघते आणि खूश होते. त्या दिवशी मी फक्त वाळूवर खुर्ची शोधत होते. दहावीच्या निकालाच्या यादीत नंबर शोधतात तशी. मी उडी मारली. छत्री उघडली. खाली येताना नजर खुर्चीवरच राहिली, आणि दोनशे उड्या मारलेली बाई मंडपापासून तीस पावलांवर बुडावर आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असंच असतं.

मिस्टर नंतर म्हणाले, मी विमानातून ठिपक्याएवढी सुटल्यापासून आईने पापणी हलवली नाही. त्यांनी स्वतः डोळे मिटून घेतले होते, हेही त्यांनीच सांगितलं.

आई गुडघे सांभाळत माझ्यापर्यंत चालत आली. वाळूत पसरलेल्या छत्रीचं एक टोक तिने उचललं, झटकलं आणि धुणं घडी करतात तसं अंगाशी धरलं. मी दुसरं टोक धरलं. असं घडी करून चालत नाही, पण मी करू दिली.

"केवढं पातळ गो हे," ती म्हणाली. "आनि हे न्हाय उघाडलं तं?"

"पाठीवर आणखी एक असतं. पहिलं नाही उघडलं, की ते उघडायचं."

"आनि तेबी न्हाय उघाडलं?"

आठ वर्षं खोटं बोलले होते, आता पुरे. "मग नाही, आई," मी म्हटलं.

तिने मान हलवली. आणखी एक घडी घातली. वाळू झटकली. मी निकालाची वाट बघत उभी होते, आणि ती समुद्राकडे बघत होती.

"तुझ्या पाठीवर दोन-दोन हायत," ती म्हणाली. "माझ्या ताईच्या पाठीशी एकबी नव्हतं."

मला हुंदका आवरेना. तिने माझ्या हातातलं टोक काढून आपल्या टोकाला जुळवलं.

"रडतंस कशापायी? मार तू उड्या," ती म्हणाली. "फकस्त मला आधी सांगून जात जा."