आक्काची शेगडी अंगणात असायची

आक्काला मी शेवटचं जिवंत पाहिलं ते सकाळी, शाळेत निघताना. लातूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, बाळंतिणीच्या खोलीत ती शेगडीपुढं कपाळ दाबून बसली होती. "बापू, डोकं लई जड झालंय रे. ती खिडकी उघड जरा," म्हणाली. बाहेर बोचरा गारठा होता आणि बाळ अठरा दिवसांचं. "बाळाला सर्दी होईल आक्का, संध्याकाळी बघू," एवढं बोलून मी चपला घातल्या... त्या वाक्याला आता दोन महिने झाले.

आक्का माझी थोरली बहीण, सतरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. लग्न होऊन आक्का बिलोलीला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. सासरच्यांना कसं राजी केलं असेल, तिलाच ठाऊक. दाजींनी, म्हणजे तिच्या मालकांनी, मला कधी परकं मानलं नाही. मी शिकलो तो त्या दोघांच्या जिवावर. गल्लीत कुणी बाळंत झालं की आक्काला बोलावणं यायचं. बाळाला न्हाऊ घालायला, बाळंतिणीला शेक द्यायला. तिची रीत ठरलेली होती : शेगडी अंगणात, फडकं आत. निखाऱ्यावर कापड ऊन करायचं आणि घेऊन आत पळायचं, पुन्हा बाहेर यायचं. एखादी म्हातारी म्हणायची, "अगं, शेगडीच आत ने की." आक्का म्हणायची, "न्हाई. आत नेली की माणूस गुंगतं." का गुंगतं, हे तिला सांगता यायचं नाही. मला सांगता येतं. मी नववीला विज्ञान शिकवतो. अपुऱ्या हवेत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय.

लग्नानंतर अकरा वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. माझ्या बायकोला, सुषमाला, आई नाही, म्हणून आक्का आली. पहिले दहाबारा दिवस तिनं शेगडी गॅलरीत मांडली. मग वरच्या मजल्यावरून तक्रार आली, वाळत घातलेल्या कपड्यांना धूर लागतो म्हणून. मला भांडण नको होतं. कोळसे फुलले की मीच शेगडी उचलून खोलीत ठेवायला लागलो. आक्का नको नको म्हणत होती. मी म्हणालो, "नुसते निखारे आहेत, धूर कुठंय?" खिडकीच्या सरकत्या काचेच्या फटीतून वारा यायचा, तिथं मी चिकटपट्टी लावली. शिकलेल्या भावापुढं ती गप्प बसली.

पुढचं सुषमानं सांगितलं ते. अकराच्या पुढं तिला मळमळायला लागलं. उठायला गेली तर पायांत जीव नव्हता. आक्का ओरडली, "सुषमा, झोपू नको! ऊठ माय, ऊठ!" तिनं बाळाला उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. परत येऊन सुषमाला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. "शेगडी काढते, गोधडी पेटंल," असं काहीतरी पुटपुटत ती पुन्हा आत गेली. सुषमाला हाक मारायची होती, पण तोंडातून शब्द फुटेना.

बाळ रडायचं थांबतच नाही म्हणून शेजारच्या काकूंनी मला फोन केला. शाळेतून पळत येऊन मी दार उघडलं तेव्हा आक्का शेगडीपाशी पालथी पडली होती. जिन्यावरून तिला खाली आणताना मी हाका मारत होतो, "आक्का, बघ की... आक्का." दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. सुषमाला आणि बाळाला ऑक्सिजन लावला. त्या दोघी घरी आल्या.

मातीला जमलेली माणसं म्हणत होती, "जुन्या बाया. कितीबी सांगा, शेगडी आत घेणारच." मी ऐकत उभा होतो. रडणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तेराव्याला पुन्हा तेच बोलणं झालं आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात दाजी तिची पिशवी न्यायला आले. त्या खोलीच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, "तिनं शेगडी आत कशी काय घेतली वो गुरुजी? जन्मात कधी घेतली न्हाई."

"मी आणली, दाजी. ती नको म्हणत होती. खिडकी उघड म्हणाली, तीही उघडली नाही मी."

सुषमा खाली बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, माझ्यासाठी ती बोलली नव्हती. दाजींनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "हे मातीच्या दिशी बोलायचं होतं तुम्ही. सगळं गाव तिला अडाणी म्हणून राहिलंय. आता बोला."

म्हणून हे लिहितोय. पेटती शेगडी बंद खोलीत ठेवू नका, निखारे असले तरी नाही. घरातलं कुणी डोकं जड झालं म्हणालं तर सगळ्यांना आधी बाहेर काढा, बाकीचं नंतर. माझ्या बहिणीला हे माहीत होतं. मला पाठ होतं.

त्या दिवशी निघताना दाजींनी पिशवी उघडून पाहिली. लुगड्यांच्या खाली बाळासाठी शिवायला घेतलेलं टोपडं निघालं, लाल काठाचं. त्यांनी ते सुषमाच्या हातात दिलं आणि माझ्याकडं न बघता जिना उतरले. एका बाजूचे चारपाच टाके तेवढे राहिलेत. सुषमाला शिवता येतं, पण तिनं ते घातले नाहीत. सुई अजून त्यातच आहे. मुलगी दिवसेंदिवस वाढतेय... तिच्या डोक्याला ते आता बसायचं नाही.