दहाव्याची विडी

"कळ काढावी, वेळ निघून जाते." साळूबाईच्या तोंडी हे एक वाक्य कायम असायचं.

विंझरच्या वरच्या अंगाला, कानंदी नदीच्या काठावरच्या वाडीत निम्मं गाव तिच्या हातावर जन्माला आलं. दवाखान्याच्या गाड्या दारापर्यंत यायच्या आधी वाडीला सुईण म्हणून तीच होती. अडलेल्या बाईच्या कमरेला हात लावून ती बसायची आणि पोर रडेपर्यंत एवढं एकच बोलत राहायची. पुढे बाळंतपणं भोरला, नसरापूरला व्हायला लागली. साळूबाईचे हात रिकामे झाले, पण बोलणं काही सुटलं नाही. विहिरीला पाणी कमी असो, एसटी चुकलेली असो, तिचं म्हणणं तेच. पोरं तिच्या मागे तिची नक्कल करायची आणि तीही हसायची.

भिमा तिचा धाकटा दीर. ती नवरी होऊन आली तेव्हा तो उघडा फिरणारा पोरगा होता. थोरला गेनबा म्हणजे तिचा नवरा. दोघा भावांचं एकच शेत, एकच बैलजोडी आणि एकच विडी. भाताच्या बांधावर बसलं की गेनबा विडी पेटवायचा, चार झुरके ओढायचा आणि न बोलता भिमाकडे द्यायचा. भिमानं ती तशी कधी मागितली नाही आणि गेनबानं कधी विचारलं नाही. पाऊस किती पडेल, खाचर कधी लावायचं, सगळं त्या एका विडीवर ठरायचं.

मग गेनबाचा दम गेला. घराच्या पायऱ्या चढता येईनात. भोरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला. त्यानं भिमाचाही काढला, आणि पहिल्या फोटोकडे बोट करून म्हणाला, "थांबला नाहीस तर तुझा असाच दिसेल."

त्या दिवसापासून साळूबाईनं दिराला हाताशी धरलं. भिमाच्या बंडीच्या ज्या खिशात विड्यांचं बंडल असायचं, त्यात ती मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी भरायची. जेवण झाल्यावर त्याचा हात खिशाकडे गेला की म्हणायची, "भावजी, त्या शेंगा फोडून द्या वाईच." शेंगा संपल्या तरी तलफ संपायची नाही. मग ती शेजारी बसायची, बाळंतिणीजवळ बसावं तशी, आणि म्हणायची, "कळ काढा. दम सोडा. वेळ निघून जाती." वेळ खरोखर जायची. पुन्हा यायची, ही गोष्ट वेगळी.

एकदा भात झोडताना तो खळ्यामागे जाऊन ओढून आला. तोंडाला वास होता. मान खाली घालून म्हणाला, "वैनी, मोडलं माझं."

"काय मोडलं? एक कळ वाया गेली म्हनून पोर आत ऱ्हातंय व्हय?" असं म्हणून तिनं त्याचा खिसा पुन्हा भरला.

पण गेनबाच्या शेवटच्या दिवसांत जे झालं, ते भिमाच्या छातीत रुतून बसलं होतं. गेनबाला बोलता येत नव्हतं. त्यानं भिमाकडे बघून दोन बोटं ओठांना लावली. चार झुरके. एवढंच मागणं. विड्या विकणाऱ्या कुमारची टपरी हाकेच्या अंतरावर होती. भिमानं वहिनीकडे पाहिलं. तिनं आधी नाही म्हणून मान हलवली आणि मग तोंड फिरवलं. भिमा जागचा हलला नाही. गेनबाची बोटं बराच वेळ ओठांवर तशीच होती.

गेनबाचा दहावा मार्गशीर्षातल्या थंडीत आला. नदीवर धुकं होतं. भावकी जमली, मुंडनं झाली, गुरुजींनी पिंड मांडले. पत्रावळीवर गेनबाच्या आवडीची कांदाभजी, द्रोणात गुळाचा चहा, भाकरीचा तुकडा होता. मंडळी मागे सरकून उभी राहिली.

कावळा येईना.

"अजून धुकं हाय, दिसंना झालं आसंल त्याला," कोणीतरी म्हणालं.

"कावळं हायती कुठं आता?" कुमार म्हणाला. "समदी शिवऱ्याच्या ढाब्यावर. हितला भात कोन खातंय?"

थोडा हशा झाला. मग एक कावळा आला, पण जांभळाच्या फांदीवर बसून राहिला. भिमानं हात जोडले. "दादा, वैनीला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. "शेत पडीक टाकनार न्हाई." कावळ्यानं चोच फांदीला पुसली. ऊन वर चढलं, लोकांची चुळबुळ सुरू झाली.

भावकीतला वडीलधारा मानसिंग पुढे आला. "उगा का आडवळनं घेताय? गेनबाला काय पायजे ते समद्या वाडीला ठावं हाय. जाताना मागत व्हता न्हवं?"

कुमारनं आपणहून खिशातनं बंडल आणि काडेपेटी काढली.

"भिमा, तू पेटव," मानसिंग म्हणाला. "भावाच्या तोंडची पायजे त्याला. दोन झुरकं मार आन ठेव पिंडापुढं."

विडीचं असं असतं, की ती नुसत्या काडीनं पेटत नाही. तोंडात धरून ओढावी लागते, तरच निखारा धरते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"त्यानं सोडलीय," बायकांतली एक म्हणाली.

"आवं, भावाच्या आत्म्यापरीस मोठं हाय का ते?" मानसिंग म्हणाला. "उद्यापास्नं पुन्ना सोडंल की!"

भिमाचा हात पुढे झाला. भावासाठीच झाला, असं तो स्वतःला सांगत होता. पण तोंडाला सुटलेलं पाणी भावासाठी नव्हतं. ते त्याला कळत होतं, आणि कळूनही हात मागे येत नव्हता. ही एक ओढली की संध्याकाळी दुसरी, आणि मग डॉक्टरच्या उजेडातला तो फोटो.

विडी त्याच्या बोटाला लागणार तोच साळूबाई बायकांतून निघून आली. तिनं ती कुमारच्या हातातून घेतली.

"सूनबाई, तू कशाला..." मानसिंग म्हणाला.

जन्मात न ओढलेली विडी तिनं ओठांत धरली, काडी ओढली आणि छातीभर झुरका घेतला. ठसक्यानं ती दुमडली. डोळ्यांतून पाणी आलं. कोणी पुढे झालं नाही. तिनं दुसरा झुरका घेतला, मग तिसरा, चौथा. निखारा लाल झाला. पिंडापुढे विडी ठेवून ती मातीत बसली.

"घ्या," ती पिंडाकडे बघून म्हणाली. "तुमी मागितली तवा म्या दिऊ दिली न्हाई. ही घ्या. राग धरायचा तर माझ्यावर धरा. भावजीस्नी म्या ओढू देनार न्हाई."

सगळे जांभळाकडे बघायला लागले. कावळा खालच्या फांदीवर उतरला. भिमानं श्वास रोखला. धुराची बारीक रेघ सरळ त्याच्याकडे येत होती, तसा तो ओळखीचा वास चुकवायला तो एक पाऊल मागे सरला.

ओढणारं कोणी नसलं की विडी आपोआप विझते. रेघ बारीक होत गेली आणि संपली. कावळा पुन्हा वरच्या फांदीवर गेला.

"विझली," मानसिंग म्हणाला. "म्या सांगत व्हतो, भावाच्या तोंडची..."

"न्हाई," भिमा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "म्या न्हाई ओढनार, काका."

कुमारनं काडेपेटी खिशात टाकली. एक म्हातारी मोठ्यानं पुटपुटली, "अडकला गं बाई गेनबा." गुरुजींनी कोणाकडे न बघता दर्भाची काडी वळून कावळा केला आणि पिंडाला शिववला. विधी झाला. लोक उठले. पण गवताचा कावळा तो गवताचाच, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं, आणि ते साळूबाईच्या आणि भिमाच्या उंबऱ्यापर्यंत येणार होतं.

साळूबाईनं नदीत चूळ भरली. पुन्हा भरली. मग कळशी कमरेवर घेऊन ती चढाच्या वाटेला लागली. एकही बाई तिच्या बरोबर निघाली नाही. भिमाच्या अंगावरून जाताना ती नेहमीचं बोलेल म्हणून त्यानं मान वर केली. ती बोलली नाही. तिचे ओठ काळवंडलेले दिसत होते.

भिमानं खिशात हात घातला. आवळ्याची एकच फोड उरली होती. ती त्यानं दाढेखाली धरली आणि तिथंच उभा राहिला. वर बांधापाशी साळूबाई थांबली, दगडाला हात टेकून खोकली, कळशी सावरली आणि पुढे चालायला लागली. मागे वळून तिनं पाहिलं नाही. वळणाआड होईपर्यंत भिमा तिला बघत होता. जांभळावरचा कावळाही बघत होता.