जावयावर गोळी झाडायची कशी?

आमच्या घरात जावयाला गोळी मारत नाहीत.

तुम्ही म्हणाल, त्यात सांगण्यासारखं काय आहे? कुणाच्याच घरात मारत नाहीत! मान्य. पण त्यापायी कुणाच्या घरातल्या मुलीचं शिक्षण अडलंय का? आमच्या घरात अडलं. भर जळगावात, भर उन्हाळ्यात, कूलरच्या वाऱ्यात आणि खोलीभर लोकांच्या डोळ्यांदेखत!

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि अन्यायाच्या विरोधात होतो. कुठल्या अन्यायाच्या, असं विचारू नका. समोर येईल त्या. आमची सहा-सात पोरांची संघटना होती आणि तिच्यात पत्रकं लिहिण्याचं खातं माझ्याकडे होतं. ‘हुंडा हटवा!’ माझंच. ‘मुलींना शिकू द्या!’ तेही माझंच. ‘जावयाचे लाड बंद करा, मानपानाची गुलामी मोडा!’ हे तर मी आमच्याच घराच्या दारावर डकवलं होतं. आबांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) ते हलक्या हाताने सोलून काढलं, मागची कोरी बाजू निरखली आणि संध्याकाळी त्यातच शेव बांधून आणली.

माझी धाकटी बहीण मंगल नुकतीच बारावी झाली होती आणि तिला कॉम्प्युटर शिकायचा होता. त्या काळी गावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते. आबा मूळचे पारोळ्याकडचे, कापसाच्या व्यापारात मुरलेले. त्यांना पडद्यावर हलणाऱ्या कुठल्याही गोष्टीचा भरवसा नव्हता.

“ती मशीनवर बोटे आपटाले पैसा?” आबा म्हणाले. “फुकट भेटी ऱ्हायनं त जाय. नही त घर बस.”

मी आबांसमोर स्त्रीशिक्षणावर सलग बोललो. आबा मधेच झोपले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चौधरी सरांच्या क्लासने जाहीर केलं: कॉम्प्युटरवर बंदुकींच्या खेळाची स्पर्धा! तिघातिघांचे संघ. जिंकणाऱ्या संघातल्या एकाला वर्षभराचा कोर्स फुकट!

खेळ साधा होता. पडद्यावर एक गोदाम. एका संघाने ठरलेली वेळ संपेपर्यंत गोदामातला झेंडा राखायचा, दुसऱ्याने तो पळवून आवाराबाहेर न्यायचा. गोळी लागली की तो गडी बाद. त्याने हात मांडीवर ठेवून बघत बसायचं. आमचा संघ म्हणजे मी, मंगल आणि चुलतभाऊ बंडू. कॅप्टन अर्थातच मी.

“दादा,” मंगल म्हणाली, “बायांच्या हक्काचं पत्रक तू लिहितोस, नि कॅप्टन पण तूच?”

“हा अनुभवाचा प्रश्न आहे,” मी म्हणालो. (मी तोवर माऊसला हात लावला नव्हता.)

सरावाच्या पहिल्याच दिवशी मी माझं धोरण मांडलं. शत्रू येईल तर दारातून येईल. म्हणून तिघांनी दारासमोर खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि छातीने सामोरं जायचं! मोर्चात आम्ही असंच करायचो. त्या दिवशी समोरच्या संघातल्या एका चष्मिस पोराने एका दमात आम्हा तिघांना आडवं केलं आणि उरलेल्या वेळात चहा प्यायला.

“तू दारासमोर उभा राहतोसच का?” मंगल भडकली. “दाराच्या बाजूला राहा ना! बंडू डाव्या कोपऱ्यात, मी उजव्या. दारातून जो येईल त्याला दोन बाजूंनी गोळ्या. तू आतल्या खोलीत झेंड्यापाशी, दार लावून. मी बंडूची पाठ बघीन, बंडू माझी. कुणी दिसला की ओरडायचं, पण जागा सोडायची नाही!”

“कोपऱ्यात लपून? हा पळपुटेपणा आहे!”

“दादा, मग तू छाती घेऊन उभा राहा. आम्ही जिंकतो.”

शेवटी मी बहुमतापुढे मान तुकवली. (दोन विरुद्ध एक. मी लोकशाहीवादी आहे.) आणि खरं सांगतो, ती तटबंदी अशी जमली की भल्याभल्यांची दारातच वाट लागली! “आला रे डावीकडून!” “घेतला!” “जागा सोडू नको, बंड्या!” एकामागून एक संघ गारद करत आम्ही थेट शेवटच्या सामन्यात. समोर धुळ्याचा संघ. झेंडा राखायची पाळी आमची.

आता इथे एक अडचण सांगितली पाहिजे. तो अधिक महिना होता.

अधिक महिन्यात जावयाचं काय करतात, ते तुम्हाला माहीत आहे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, धुळ्याला दिलेली. तिचे यजमान रमेशराव, म्हणजे आमचे जिजाजी, धोंड्याच्या जेवणाला आमच्याकडे आले होते. धुळ्याला त्यांचं पंप-मोटारींचं दुकान. देहाने भरघोस, स्वभावाने लोण्यासारखे. सकाळीच आबांनी त्यांचे पाय धुतले होते, टिळा लावला होता, नवा सदरा दिला होता. धोंडे संध्याकाळी खायचे होते. मधली दुपार कशी घालवायची, म्हणून आबा, अक्का आणि नव्या सदऱ्यातले जिजाजी आमचा सामना बघायला आले!

क्लासच्या खोलीत तीन कॉम्प्युटर इकडे, तीन तिकडे, पाठीला पाठ लावून. सगळे आपापल्या जागी बसले आणि धुळ्याचा एक गडी खुर्चीवरून घसरला. ऊन लागलं होतं. त्याला कांदा हुंगवून बाहेरच्या बाकावर निजवलं.

“दोघांनी खेळता येणार नाही,” चौधरी सर म्हणाले. “धुळ्याचं आणखी कुणी आहे का इथे?”

“मी शे ना!” मागून आवाज आला. जिजाजी!

मी कपाळावर हात मारला. पण लगेच आनंदही झाला, कारण जिजाजींनी खुर्चीत बसून माऊस उचलला, उलटा केला, खालची गोळी बोटाने फिरवून पाहिली आणि विचारलं, “हाई कोठे लावतस?”

म्हणजे समोर अडीच माणसंसुद्धा नव्हती! मी मंगलकडे पाहिलं. तिचे डोळे चमकत होते. कोर्स तिच्या खिशात होता.

सामना सुरू झाला. धुळ्याची दोन पोरं खरंच तयारीची. एकाने दारातून मुसंडी मारली. “डावीकडे!” मंगल ओरडली. बंडूने समोरून, मंगलने बाजूने, आणि गडी बाद! दुसरा खिडकीखालून सरपटत आला. त्याला वाटलं, आम्ही आनंदाने जागा सोडू. आम्ही सोडली नाही! मंगलने त्याला उंबरठ्यावरच टिपला.

समोर उरले फक्त जिजाजी. तेही आवाराच्या भिंतीकडे तोंड करून, बंदूक आभाळाकडे रोखून, जागच्या जागी गोल फिरत होते.

“बंड्या, मार!” मी हुकूम सोडला.

बंडूने नेम धरला. आणि त्याच्या मानेमागून आबांचा आवाज आला.

“काय करी ऱ्हायना रे?”

“आबा, गोळी मारतोय.”

“कोनले?”

“जिजाजींना.”

आबांना ठसकाच लागला. “जवाईले गोयी मारस? आज सकाय मी त्याना पाय धोयात, नि आते तू गोयी मारस? बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!”

“आबा, हाऊ खेय शे!” मी कळवळलो.

“तुम्हले खेय! धुयाले मन्ही काय इज्जत ऱ्हाई?”

बिचारा बंडू! लहानपणापासून आबांच्या धाकातला. त्याने दचकून मागे पाहिलं आणि भलतीच बटणं दाबली गेली. त्या खेळात खाली वाकायचं एक बटण होतं. बंडूचा सैनिक दारातून पुढे सरकला आणि जिजाजींच्या सैनिकासमोर चक्क गुडघ्यावर बसला!

“देखा!” आबा प्रसन्न झाले. “पाया पडी ऱ्हायना. संस्कार शेतस!”

जिजाजींनाही गहिवरून आलं. आशीर्वाद द्यायला त्यांनी उजवा हात उचलला. तो उचलताना बोट दाबलं गेलं आणि धडाड! बंडू बाद.

“अरे अरे, लागनं का तुले?” जिजाजी पडद्यावरून डोकावून विचारू लागले.

“मंगल!” मी ओरडलो. “आता तू! दडपणाला बळी पडू नकोस! ही शोषणाची परंपरा आहे!”

“शोषण घर जाईसन कर,” आबा म्हणाले.

मंगल कुणाला ऐकणारी नव्हती. तिने जिजाजींच्या थेट कपाळाचा नेम धरला. आता सुटणार, एवढ्यात अक्काने किंकाळी फोडली.

“मंगल! तुन्हा जिजाजी शेतस त्या! मन्हा जीव नका घेऊ बाई! अधिक महिना शे!” आणि तिने सरळ मंगलच्या दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले!

“अक्का, सोड! सर, हे चालतं का?” मंगल हातपाय झाडत होती. चौधरी सर गोंधळले. (त्यांची सासुरवाडी धुळ्याची होती, हे मला नंतर कळलं.) एवढ्या गलक्याने जिजाजी दचकले, गर्रकन वळले, आणि त्यांच्या बंदुकीतून उरल्यासुरल्या सगळ्या गोळ्या सुटल्या. त्यातली एक मंगलला लागली.

अक्काने हात काढले. मंगलने पडदा पाहिला. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे वळली.

“दादा. त्यांच्या बंदुकीत एक गोळी उरलेली नाही. तू एकटा आहेस. झेंड्याच्या खोलीचं दार बंद आहे. त्यांना ते उघडता येत नाही. तू फक्त गप्प उभा राहा. मारूही नकोस. दोन मिनिटं राहिलीत.”

बघा! माझ्यावर केवढा विश्वास! मला काहीही करायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीही करू नकोस म्हणून विनवत होतं. मी मुठी आवळल्या. मनात म्हटलं, आबा काहीही बोलोत, अक्का रडो. ज्या हाताने ‘मानपानाची गुलामी मोडा’ लिहिलं, तो हात आज हलणार नाही!

पडद्यावर जिजाजींचा सैनिक भिंतींना धडका देत देत आला आणि बंद दारापाशी थांबला. दाराला एकदा नाक लावलं. दोनदा लावलं. मग खरे जिजाजी त्यांच्या कॉम्प्युटरवरून मान उंच करून माझ्याकडे बघू लागले. कपाळावर कुंकू, घामाने ओघळलेलं. नवा सदरा. चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू.

“सालेसाहेब,” ते म्हणाले, “हाई दार कसं उघडस हो?”

आणि मी, संघटनेचा पत्रकप्रमुख, मानपानाचा कट्टर शत्रू, ताडकन खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि म्हणालो,

“या ना जिजाजी! बाहेर काय उभे? थांबा, मीच उघडतो!”

उघडलं!

एवढंच करून मी थांबलो नाही. त्यांना झेंडा उचलता येईना, तर त्यांच्या मागे जाऊन बटण दाखवलं. आवाराच्या फाटकापर्यंत वाट सांगितली. “डावीकडे जिजाजी, जपून, पायरी आहे!” जिजाजी झेंडा घेऊन बाहेर पडले. खोलीत टाळ्या. आबांचा ऊर भरून आला. “अशोकले आज अक्कल उनी,” असं ते चारचौघांत म्हणाले. आबा माझ्याबद्दल चांगलं बोलल्याचा तो पहिला प्रसंग. कोर्स धुळ्याच्या कॅप्टनने नेला.

घरी जाताना मंगल झपाझप पुढे चालत होती. मीच बोलत होतो. व्यवस्था माणसाच्या आत कशी भिनलेली असते, हे मी तिला नवीपेठेतल्या क्लासपासून घरापर्यंत समजावून सांगितलं.

“दादा,” दारात ती म्हणाली, “तुझी व्यवस्था बघितली. आता माझी बघ.” आणि ती तडक जिजाजींकडे गेली. त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली. जिजाजींची मान खाली गेली, मग हलली.

संध्याकाळी पाट मांडले. रांगोळी, समई, ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार. जिजाजी पाटावर बसले, ताटाकडे व्याकूळ नजरेने पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं.

“मी जेवाव नही.”

आईच्या हातातली पळी पडली. आबा पांढरे पडले. अधिक महिन्यात जावई रुसला!

“काय चुकनं आमनं?” आबा हात जोडून. “गाडी पाहिजे का? अंगठी?”

“मंगलले कॉम्प्युटर शिकाडा,” जिजाजी धोंड्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत म्हणाले. “नही त मी घासले हात लावाव नही.”

“इतलंच?” आबांचा जीव भांड्यात पडला. “सकायच नाव टाकी देसू! पन जेवा तुम्हीन!”

जिजाजींचा रुसवा त्याच क्षणी संपला. आबांचं बोलणं पुरं होईपर्यंत पहिला धोंडा त्यांच्या पोटात होता. माझी पत्रकं, माझी भाषणं, माझी दोन वर्षांची चळवळ जे करू शकली नाही, ते एका रुसलेल्या जावयाने पान वाढून होईपर्यंत केलं. ज्या प्रथेविरुद्ध मी गल्ली रंगवली, तिनेच मुलीला शिकायला पाठवलं! माझा संताप अनावर झाला होता. हातात तुपाचं भांडं होतं आणि जिजाजींना वाढायची पाळी माझीच होती.

मंगल कॉम्प्युटर शिकली. ‘जावयाचे लाड बंद करा’ची उरलेली पत्रकं तिने मागून घेतली, मागच्या कोऱ्या बाजूवर ती आपले प्रोग्रॅम लिहून काढायची.

मी मात्र तत्त्व सोडलेलं नाही. आता माझंही लग्न ठरलंय, आणि सासरी मी निक्षून कळवलंय: हुंडा नको, अंगठी नको, मानपान तर नकोच नको. फक्त धाकट्या साल्याकडे कॉम्प्युटर आहे असं कानावर आलंय. त्याने माझ्यावर गोळी झाडू नये, एवढंच.

नाहीतर मी जेवणार नाही!