जोतिबाच्या नावानं

दुबईत रिटायर्ड फौजी म्हटलं की लोक हमखास विचारतात, "गोळी लागली होती का?" मला नाही लागली. मी सिग्नलचा हवालदार, बेसवर वायरलेस सेट सांभाळायचो. पण माझ्या गावच्या पोराच्या मरणाचा मेसेज मीच घेतला.

नव्वदच्या दशकात आमचं युनिट काश्मीरला होतं. युनिटचे पंडितजी रजेवर गेले की नागालँडचे बॅप्टिस्ट पादरीसाहेब मंदिर परेडलाही बसायचे. आरतीच्या टाळ्या हमखास चुकवायचे. शेवटी आम्ही कोल्हापूरकर जोतिबाचा गजर करायचो, तेव्हा मात्र कान देऊन ऐकायचे. "घबराओ मत, माँगे बिना बाप्तिस्मा नहीं देता," म्हणून आमची चेष्टा करायचे. थंडीच्या तोंडावर ते स्वतः मागणी करून पुढच्या पोस्टवर गेले. माझ्या गावचा नाईक दत्तू तिथेच होता.

एका दुपारी शेलिंग सुरू झालं. सेटवर आवाज आला, "दत्तू घायल. पादरीसाहब पास हैं. ओव्हर."

मी हेलिकॉप्टर मागितलं. ढगांमुळे येऊ शकलं नाही. मग दुसरा मेसेज. "दत्तू नहीं रहा. आउट."

दत्तूची आई, सखूमावशी, दर रजेला मला एकच विचारायची, "शेवटी कुणी देवाचं नाव घेतलं का रं?" मला ठाऊक नव्हतं. पोराच्या उशाला परधर्माचा माणूस होता, हे तिला डाचत राहिलं. मलाही तिच्यासमोर बसवेना.

दोन हजारनंतर धाकट्या लेकानं मावशीला दुबईला, अल बर्शात आणलं. मी तोवर रिटायर होऊन दुबईतच सिक्युरिटीत होतो. एका शुक्रवारी चर्चच्या पार्किंगला ड्युटी लागली, तर गाडीतून पादरीसाहेबच उतरले. नर्स लेकीकडे आले होते. मी सॅल्यूट ठोकला आणि ड्युटी संपल्यावर त्यांना थेट मावशीसमोर नेऊन बसवलं.

"माझा दत्तू काय म्हनत हुता, विचार की," मावशी म्हणाली. मी विचारलं.

"माताजी, मैंने अपनी प्रार्थना नहीं की. उसने माँगी नहीं थी," पादरीसाहेब सावकाश बोलले. "वो बोलता था, 'जोतिबाच्या नावानं', और रुक जाता था. आगे का मैंने परेड में सुना था. वो जितनी बार बोला, मैंने जवाब दिया."

मावशीला तेवढं हिंदी कळलं. पदरानं डोळे पुसून तिनं हात जोडले.

"जोतिबाच्या नावानं," ती म्हणाली.

पादरीसाहेब उठून उभे राहिले. "चांगभलं."

"सुटले रं बाबा," मावशी मला म्हणाली. "माझा दत्तू एकटा न्हवता."